इंग्रजीत ‘येतो’ कसे म्हणावे?

धुळ्यातील देवपुरात राहणाऱ्या एका तरुणाने गेल्या महिन्यात मला एक अडचण सांगितली. त्याची कंपनी पुण्यात आहे, ज्यांच्यासाठी काम चालते ती मंडळी इंग्लंडमध्ये आहेत आणि तो स्वतः घरच्या वरच्या खोलीतून काम करतो. दर आठवड्याला संगणकावर सर्वांची बैठक होते. कामाचे चाळीस मिनिटांचे इंग्रजी त्याला नीट जमते, मात्र शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याची धांदल उडते. त्या दिवशीही तसेच झाले. कोणी ‘राइट’ म्हणाले, कोणी ‘ओके देन’, एकाने ‘चिअर्स’ म्हटले, दुसऱ्याने ‘हॅव अ गुड वन’ म्हणत हात हलवला आणि पडद्यावरचे चेहरे एकेक करून मावळू लागले. आपणही काहीतरी म्हणावे म्हणून याने सावरून बसत ‘गुडबाय सर’ असे स्पष्ट उच्चारले, तेव्हा पलीकडच्या गृहस्थाने हसून ‘आम्हाला सोडून चाललास की काय?’ असे विचारले. शाळेत तर हाच शब्द शिकवला होता, मग चुकले कुठे, हा त्याचा प्रश्न होता.

जळगावात इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेताना हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. सर्वसाधारणपणे विद्यार्थ्याला पंधरावीस शब्दांची यादी हवी असते. यादी देणे सोपे आहे, पण तिचा उपयोग फारसा होत नाही, कारण निरोपाच्या शब्दांचा शब्दशः अर्थ आणि त्यांचे काम यांत बरेच अंतर असते. हे अंतर समजण्यासाठी इंग्रजीकडे जाण्याआधी स्वतःच्या उंबऱ्यापाशी थोडे थांबणे बरे.

आधी ‘येस’ समजून घेऊ

माझी मावशी साक्रीकडची. आमच्या घरून निघताना ती पिशवी काखेला लावते, चपला पायात सरकवते आणि ‘येस’ म्हणते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या माझ्या नातवाला बरेच दिवस वाटत होते, की आजीला कोणीतरी काहीतरी विचारत असावे आणि ती ‘हो’ म्हणत असावी. अहिराणीतले ‘येस’ म्हणजे ‘येते’, हे कळल्यावर त्याने दुसरी, अधिक योग्य शंका काढली: आजी तर जाते आहे, मग ‘येते’ का म्हणते?

‘जातो म्हणू नये, येतो म्हणावे’ हे आपल्याकडे लहानपणीच शिकवले जाते, कारण ‘जाणे’ या क्रियापदावर कायमच्या जाण्याची सावली असते. म्हणून दाराशी उभा असलेला माणूस ‘येतो’ म्हणतो आणि ऐकणारा त्याला ‘कधी?’ असे विचारत नाही. धुळे–जळगाव रस्त्यावरच्या ट्रकमागे ‘फिर मिलेंगे’ लिहिलेले असते, म्हणून तो ट्रक पुन्हा आपल्याला गाठील अशी अपेक्षा कोणी धरत नाही. त्याच न्यायाने ‘सी यू लेटर’ या शब्दांत नंतर भेटण्याचे वचन नसते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने नव्या नोकरीत परदेशी वरिष्ठाचे ‘सी यू लेटर’ ऐकले आणि ते भेटतील म्हणून कार्यालयात रात्री आठपर्यंत वाट पाहिली. ‘येतो’ म्हणून गेलेल्या पाहुण्यासाठी रात्री ताट वाढून ठेवावे, तसा तो प्रकार झाला.

ज्या बोलण्यातून माहिती दिली-घेतली जात नाही, केवळ माणसामाणसांतला धागा शाबूत ठेवला जातो, त्या बोलण्याला मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली एक नाव दिले. त्या नावाला मराठीत ‘संबंधपोषक बोलणे’ म्हणता येईल. ‘काय, जेवण झाले का?’ हे त्यातलेच आणि ‘सी यू’ हेही त्यातलेच. अशा बोलण्याला ‘खरे की खोटे’ ही कसोटी लागत नाही. ते वेळेवर झाले की नाही आणि समोरच्या माणसाला साजेसे होते की नाही, एवढेच पाहिले जाते.

एसटीची घंटा

यांपैकी वेळेचा भाग अधिक अवघड आहे. बोलणे सुरू करण्यापेक्षा थांबवणे कठीण का असते, याचा विचार इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वे सॅक्स या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात केला. त्यांनी दाखवलेली अडचण साधी आहे. संभाषणात एकाचे बोलून झाले की पाळी दुसऱ्याकडे जाते आणि त्याचे झाले की पुन्हा पहिल्याकडे येते. या व्यवस्थेत थांबण्याची जागा मुळातच नाही. नुसते गप्प राहिलो तर समोरच्याला वाटते, की आपण रागावलो किंवा विचारात पडलो. त्यामुळे ‘आता माझ्याकडे नवे काही नाही, तुझ्याकडे आहे का?’ हे दोघांनी एकमेकांना आडून विचारावे लागते. या विचारण्याला ‘समारोपपूर्व संकेत’ म्हणता येईल. नाव भारदस्त असले तरी तो आपल्या रोजच्या परिचयाचा आहे.

एसटीत बसलेला प्रवासी चालत्या गाडीतून उडी मारत नाही. तो वाहकाला गाव सांगतो, वाहक दोरी ओढून एक घंटा देतो, गाडीचा वेग कमी होतो, प्रवासी सामान उचलून दाराशी येतो आणि मग उतरतो. उतरण्याची क्रिया क्षणाची असली तरी तिची तयारी दोनतीनशे मीटर आधीच सुरू झालेली असते. इंग्रजी बोलण्यातले ‘वेल’, ‘एनीवे’, ‘राइट’, ‘ओके देन’ हे शब्द म्हणजे ती एक घंटा होय. त्यांचा अर्थ शब्दकोशात शोधण्यात हशील नाही, ते कुठे येतात हे पाहावे. इंग्लंडमध्ये गप्पा मारत बसलेला माणूस दोन्ही हात मांड्यांवर आपटून ‘राइट!’ म्हणतो आणि त्यावर तिथले लोक स्वतःच विनोद करतात. आपल्याकडे ‘चला!’ म्हणत गुडघ्यावर थाप मारणारे काका काही वेगळे करत नाहीत.

घंटेनंतर बहुधा कारण येते: ‘आय शुड गेट गोइंग’, म्हणजे आता निघायला हवे, किंवा ‘गॉटा रन’, म्हणजे घाईत आहे. फोनवर याचे एक मोठे सभ्य रूप ऐकू येते, ते ‘आय विल लेट यू गो’. शब्दशः पाहिले तर ‘मी तुम्हाला जाऊ देतो’. ज्याला स्वतःला फोन ठेवायचा आहे, तो समोरच्यावर उपकार केल्यासारखे बोलतो. आपण ‘तुम्हालाही कामे असतील, जास्त वेळ घेत नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्यात कामे नेमकी कोणाला असतात, हे दोघांनाही ठाऊक असते.

या टप्प्यांवर एक फट मुद्दाम ठेवलेली असते. घंटा झाल्यावरही समोरचा ‘हां, एक सांगायचे राहिलेच’ म्हणू शकतो आणि पुष्कळदा मुख्य गोष्ट तिथेच निघते. दवाखान्यात सर्दीचे औषध घेऊन उठलेला रुग्ण दाराची कडी धरून ‘डॉक्टर, छातीतही जरा दुखते’ म्हणतो, ते याच फटीतून. घंटा न देता थेट ‘बाय’ म्हणणारा माणूस ही फटच बुजवून टाकतो आणि म्हणून त्याच्या तोंडी कितीही गोड शब्द असला तरी तो तुटक वाटतो. देवपूरच्या तरुणाचे निम्मे चुकले ते इथे. इतर सर्वजण घंटा देत, वेग कमी करत उतरले होते. हा शेवटपर्यंत गप्प बसून एकदम उतरला.

घंटा देऊनही सर्वांना हव्या त्याच वेळी गाडी थांबते असे नाही. ॲडम मास्ट्रोयानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. दोघांनाही हवे होते त्याच वेळी संपलेली संभाषणे त्यांना जेमतेम २ टक्के आढळली. कोणाला आधी उठायचे होते, कोणाला आणखी बसायचे होते, आणि सभ्यपणापायी दोघेही मनातले लपवत होते. भाषा मातृभाषा असली म्हणून हे कोडे सुटत नाही, हे वाचून माझ्या विद्यार्थ्यांना मोठा धीर येतो.

‘गुडबाय’मध्ये वावगे काय?

व्याकरणाच्या दृष्टीने काहीच नाही. ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे ‘देव तुमच्यासोबत असो’, हे मूळ वाक्य झिजत झिजत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत एका शब्दाएवढे उरले आणि पुढे ‘गुड डे’, ‘गुड नाइट’ यांच्या संगतीने त्यातल्या ‘गॉड’चे ‘गुड’ झाले. गॅब्रिएल हार्वे नावाच्या इंग्रज विद्वानाच्या १५७३ च्या सुमाराच्या एका पत्रात या शब्दाचे जुने रूप सापडते. तुमच्या गॅलनभर निरोपांच्या बदल्यात मी अर्धा गॅलन विचारपूस परत करतो, असा त्याने तिथे विनोद केला आहे. आपल्या भाषेत पायलीभर ‘येतो’च्या बदल्यात अर्धी पायली ‘काय चाललंय’, असे म्हणता येईल. फ्रेंच ‘आद्यू’, स्पॅनिश ‘आदिओस’, ‘खुदा हाफिज’ या सर्वांत देव आहे आणि आपला ‘राम राम’ तर भेटताना आणि निघताना दोन्ही वेळा चालतो.

वावगे असेल तर ते वजनात आहे. रोजच्या बोलण्यात ‘बाय’ आणि ‘सी यू’ यांनी काम भागू लागल्यामुळे पूर्ण ‘गुडबाय’ हा शब्द मोठ्या प्रसंगांसाठी शिल्लक राहिला: नोकरी सोडताना, देश सोडताना, कधीकधी नाते तोडताना. त्यामुळे दर सोमवारी होणाऱ्या बैठकीच्या शेवटी तो ऐकला, की निरोप समारंभातल्या शाल-श्रीफळाची आठवण यावी, तसे समोरच्याला होते. आपल्याकडेही भाजी घेऊन निघताना ‘बरं, आता आपला निरोप घेतो’ असे कोणी भाजीवाल्याला म्हटले तर तो चमकून पाहीलच. तरीही ‘गुडबाय’ म्हणणारा असभ्य ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या गृहस्थाचे हसणे थट्टेचे होते, रागाचे नव्हते.

मग कोणाला काय म्हणावे?

एकच शब्द शिकायचा असेल तर ‘बाय’ शिकावा. तो वरिष्ठाला, दुकानदाराला, मित्राला आणि लहान मुलाला सारखाच चालतो, आणि त्यामागे ‘सर’ लावण्याची गरज नसते. फोनवर तो दोनदा-तीनदा म्हटला जातो, आणि आयर्लंडमध्ये तर फोन ठेवताना ‘बाय’ची अशी माळ ओघळते, की शेवटचा ‘बाय’ फोन कानापासून दूर गेल्यावर म्हटलेला असतो.

‘सी यू’ आणि त्याचे सैल रूप ‘सी या’ ही ओळखीच्या माणसांसाठी आहेत. त्यांना जोडलेला शेवटचा शब्द मात्र नीट ऐकावा. ‘सी यू टुमॉरो’ किंवा ‘सी यू ऑन मंडे’ यात दिवस असतो, म्हणून तिथे भेट खरोखर ठरलेली असते. ‘सी यू सून’मध्ये भेटीची आशा आहे. ‘सी यू अराउंड’ म्हणजे भेट ठरलेली नाही, दिसलो तर दिसलो. मैत्री संपवू पाहणारेही कधीकधी हेच शब्द वापरतात, त्यामुळे सूर ओळखता येईपर्यंत स्वतः ते वापरू नयेत. ‘कॅच यू लेटर’ आणि नुसते ‘लेटर’ ही तरुणांची भाषा आहे, मुलाखतीच्या शेवटी ती शोभणार नाही. फोनवर किंवा संगणकावर बोलणे झाले असेल तर दिसण्याऐवजी बोलण्याचा उल्लेख करून ‘टॉक सून’ किंवा ‘टॉक टू यू लेटर’ म्हणतात.

‘टेक केअर’ आपल्याला लगेच जवळचे वाटते, कारण आपणही ‘काळजी घ्या’ म्हणू लागलो आहोत, आणि २०२० च्या साथीनंतर तर ते फारच रुळले. इंग्रजीत ते प्रेमाने म्हटले जाते आणि बरेच दिवस भेट होणार नसली तर अधिक म्हटले जाते. मात्र शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला रोज संध्याकाळी ‘टेक केअर’ म्हणत राहिलात, तर आपल्याला काही झाले आहे की काय, अशी शंका त्याला येऊ शकते.

‘हॅव अ गुड वन’ हे मुख्यतः अमेरिकी आहे. त्यातला ‘वन’ म्हणजे दिवस, संध्याकाळ, सुट्टी, जे काही पुढे असेल ते. त्याला उत्तर द्यावे ‘यू टू’, म्हणजे तुम्हालाही. अमेरिकी दुकानांत ‘हॅव अ नाइस डे’ सरसकट ऐकू येते आणि पुष्कळ ब्रिटिशांना त्यात खोटेपणा वाटतो. तो खोटेपणा ‘पुन्हा या’ म्हणणाऱ्या आपल्या कापड दुकानदाराइतकाच आहे, असे माझे मत आहे. ‘चिअर्स’ हा ब्रिटिश शब्द मात्र घोटाळ्याचा आहे. पेला उंचावताना तोच, आभार मानताना तोच आणि निघतानाही तोच. अर्थ प्रसंगावरून लावायचा असतो आणि उत्तर म्हणून पुन्हा ‘चिअर्स’ म्हटले तरी चालते.

‘गुड नाइट’बाबत आपल्याकडे एक चूक हटकून होते. रात्री आठला कोणाच्या घरी गेल्यावर ‘गुड नाइट’ म्हणून आत शिरणे म्हणजे ‘येतो’ म्हणून दारातून आत येणे. रात्री भेटतानाही ‘गुड इव्हनिंग’च म्हणतात. ‘गुड नाइट’ फक्त निघताना किंवा झोपायला जाताना म्हणतात.

आणि ‘टाटा’? हा शब्द उद्योगसमूहावरून आला असे मानणारे मला बरेच भेटले आहेत, ट्रकमागे तो लिहिलेला असतो म्हणून तसे वाटणे स्वाभाविकही आहे. प्रत्यक्षात इंग्रज आया बाळांशी बोलताना ‘टा टा’ म्हणत, आणि त्याचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मागे जातो. इंग्लंडमध्ये तो मोठ्यांच्याही तोंडी आहे, मात्र जुन्या वळणाचा आणि थोडा गमतीचा वाटतो. अमेरिकी वरिष्ठाला तो म्हणू नये.

‘बसा हो, चहा टाकलाय’

खानदेशात पाहुणा ‘चला’ म्हणाला, की यजमानाचे काम सुरू होते. ‘बसा हो, चहा टाकलाय’, ‘एवढी काय घाई’, ‘जेवूनच जा’ असे म्हणून त्याला निदान दोनदा बसवले जाते. न बसवणे हा उणेपणा मानला जातो, आणि पाहुणाही दोनदा बसावे लागेल हे धरूनच पहिला ‘चला’ जरा लवकर म्हणतो. पुढे अंगणात एक निरोप, फाटकाशी दुसरा आणि गाडी सुरू झाल्यावर ‘पोचल्यावर फोन करा’ हा तिसरा.

इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेक घरांत ‘आय शुड गेट गोइंग’ हे वाक्य एकदा उच्चारले, की यजमान फार तर ‘ओ, ऑलरेडी?’ म्हणतो आणि कोट आणून देतो. आपला माणूस तिथे पहिल्यांदा गेला की हमखास दुखावतो: एकदाही ‘बसा’ म्हटले नाही! उलट त्यांच्यातला कोणी आपल्याकडे आला, तर त्याने तीनदा सांगूनही सुटका होत नाही म्हणून तो घायकुतीला येतो. दोन्हीकडे हेतू आदराचाच असतो. आपण राहण्याचा आग्रह करून आदर दाखवतो, ते जाण्याची मोकळीक देऊन. म्हणून फोनवर समोरच्याने ‘आय विल लेट यू गो’ म्हटले, की ‘नाही नाही, मला वेळ आहे’ असे सांगू नये. त्याने घंटा दिली आहे, आपण ‘शुअर, टॉक सून’ म्हणून उतरावे.

‘एकदा भेटू या’ हे निमंत्रण असते का?

‘वी शुड गेट टुगेदर समटाइम’ हे वाक्य ऐकून आपले लोक दिवस विचारतात आणि समोरचा गोंधळतो. त्याला भेटायचे नाही असे नाही, पण त्या क्षणी तो केवळ धागा शाबूत ठेवत असतो. आपण रस्त्यात भेटलेल्या वर्गमित्राला ‘हिवाळ्यात ये, मळ्यात भरीत पार्टी करू’ म्हणतो, तेव्हा काय करतो? तो खरोखर येण्याची आपल्याला भीती नसते, मात्र येईल असे आपण धरूनही चालत नाही. तेच ‘येत्या रविवारी ये, वांगी भाजायला टाकतोय, कळण्याच्या भाकरी सांगितल्या आहेत’ असे म्हटले, की ते खरे निमंत्रण झाले. इंग्रजीतही दिवस, वेळ किंवा जागा आली की खरे आमंत्रण मानावे, तोपर्यंत ‘दॅट वुड बी नाइस’ एवढे उत्तर पुरते.

‘हे सोंग आपण का करावे?’

हा आक्षेप वर्गात दरवर्षी कोणीतरी घेतोच, आणि त्यात तथ्य आहे. त्यांच्याशी बोलताना ‘चिअर्स मेट’ म्हणून ब्रिटिश असल्याचा आव आणण्याची काहीच गरज नाही, उलट ते परक्याच्या कपड्यांसारखे अंगावर लोंबते. मी विद्यार्थ्यांना ऐकताना सर्व शब्द ओळखायला सांगतो आणि बोलताना दोनतीनच वापरायला सांगतो: ‘ओके देन’, ‘थँक्स, एव्हरीवन’ आणि ‘बाय’. पहिला घंटेसाठी, दुसरा कारणाऐवजी आणि तिसरा उतरताना. बाकीचे ऐकून ऐकून आपोआप जिभेवर येतात, येत नसतील तर अडत नाही.

निरोप झाला, पण गाडी हलेना

भुसावळ स्थानकावर नातेवाइकांना पोचवायला गेलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतला आहे. खिडकीशी उभे राहून सर्व सूचना देऊन झालेल्या असतात, हात हातात घेऊन झालेला असतो, डोळेही पुसून झालेले असतात आणि गाडी मात्र जागची हलत नाही. आता बोलावे तर विषय उरलेला नाही, निघावे तर बरे दिसत नाही. शेवटी कोणीतरी पाण्याची बाटली भरून आणायला धावतो. इंग्रजी बोलणाऱ्यांनाही ‘बाय’ म्हणून झाल्यावर दोघे एकाच दिशेने चालू लागले, की अगदी असेच होते, आणि बहुधा ‘हॅलो अगेन’ म्हणून हसण्यावर ते प्रसंग निभावून नेतात.

संगणकावरच्या बैठकीत हा प्रसंग रोजचा झाला आहे. सर्वांनी हात हलवलेले असतात, चेहऱ्यावर हसू धरून ठेवलेले असते आणि बाहेर पडण्याचे बटण काही सापडत नाही. देवपूरच्या त्या तरुणाला मी ‘ओके देन’ आणि ‘बाय’ शिकवले होते. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. बैठक व्यवस्थित संपली, कोणी हसले नाही, असे त्याने सांगितले. शब्दांपेक्षा त्याला एक वेगळीच युक्ती उपयोगी पडली होती: ‘ओके देन’ म्हणता म्हणताच तो माउसचा बाण त्या लाल बटणावर नेऊन ठेवतो.